माळ्यावरची घंटी

माळ्यावर घंटी वाजली की सोलांजचा हात जिथे असेल तिथे थांबायचा. बटाटा अर्धाच सोललेला, नळ तसाच चालू. मग वर गाडीची घरघर बंद पडे. ती पुन्हा सुरू होईपर्यंत सोलांजच्या जिवात जीव नसे.

तिचा नवरा रेजिस जन्मभर इंजिन ड्रायव्हर होता. इटलीच्या सीमेकडच्या मोदानच्या चढावर त्याने विजेची इंजिनं चालवली, शांबेरीच्या पलीकडे डिझेलही. निवृत्त झाल्यावर तोच घाट त्याने माळ्यावर लहान करून मांडला. बोगदे, पूल, केसासारख्या तारा आणि त्यांखालून धावणारं, पुढून मोडल्यासारख्या नाकाचं, वीतभर हिरवं सीसी ६५०० इंजिन. ते चालवायला मात्र त्याने भंगारात निघालेल्या खऱ्या इंजिनाचं, ड्रायव्हरच्या हाताखालचं कडं आणून बसवलं होतं. ड्रायव्हरने त्यावर हात ठेवायचा आणि मिनिटाच्या आत तो क्षणभर उचलून पुन्हा टेकवायचा. विसरला तर घंटी वाजते, तरी हात हलला नाही तर गाडी आपोआप उभी राहते. माणूस शुद्धीवर आहे ना, एवढंच ते कडं पाहतं.

"ते नसेल तर पोरखेळ झाला," रेजिस म्हणायचा.

पूर्वी घंटी कधी वाजत नसे. या हिवाळ्यात ती वाजू लागली.

"काय झालं रे?" सोलांज जिन्याखालून विचारी.

उत्तर यायला वेळ लागे. "काही नाही. विचारात होतो."

एकदा जेवताना सूपचा चमचा तोंडाशी धरून तो तिच्या पलीकडे कुठेतरी बघत राहिला. डोळे उघडे, पण आत कुणी नाही. मग चमचा तोंडात गेला आणि तो म्हणाला, "गार झालंय हे."

"डॉक्टरकडे जाऊ या, रेजिस."

"डॉक्टर आधी काय काढून घेतो, ठाऊक आहे? लायसन. मग मला टोपलीत घालून बाजारात नेशील का?"

शनिवारी शांबेरीला छोट्या गाड्यांच्या क्लबचं प्रदर्शन होतं. व्हॅन नेहमीसारखी रेजिसच नेणार. दरीतला रस्ता, एकामागून एक बोगदे, इटलीहून उतरणारे ट्रक. सोलांजने तो रस्ता मनातल्या मनात कितीदा तरी पार केला आणि दर वेळी तिला चमचा धरलेला तो हात स्टिअरिंगवर दिसला. पण त्या आठवड्यात माळ्यावरची घंटी एकदाही वाजली नाही. तिने वाट पाहिली, कान दिला, आणि शुक्रवारी तिला पहिल्यांदा धड झोप लागली.

शनिवारी सकाळी ती कॉफी घेऊन वर गेली. हिरवं इंजिन बोगद्यातून बाहेर आलं, पुलावरून गेलं, पुन्हा बोगद्यात शिरलं. रेजिस खुर्चीत ताठ बसला होता. हात कड्यावर नव्हता, मांडीवर पडला होता. डोळे उघडे होते. इंजिन पुन्हा बाहेर आलं. घंटी वाजेना. गाडी थांबेना.

"रेजिस."

इंजिन पुन्हा आत गेलं. कॉफी तिच्या बोटांवर सांडली, तेही तिला कळलं नाही. मग तिला टेबलाखाली लोंबणारी, कड्यापासून घंटीला आणि गाडीच्या ब्रेकला जाणारी तार दिसली. टोक नीट सोललेलं, वर चिकटपट्टी. कापलेली होती.

"अरे वा, कॉफी!" रेजिस म्हणाला.

"घंटीची तार कुणी कापली?"

"डोकं उठवत होती." त्याने तिच्याकडे पाहिलं नाही.

खाली दार वाजलं. त्याचे जुने सोबती नोएल आणि गिस्लँ आले होते, दोघंही ड्रायव्हरच. "साहेब उठले का?" नोएल खालून ओरडला. "की अजून घाटातच अडकलेत?"

"तुझ्यासारखा सिग्नल बघून झोपणारा नाही मी!" रेजिस ओरडला आणि किल्ल्या घेऊन जिना उतरला.

खोकी व्हॅनमध्ये चढली. गिस्लँ मागे बसला. रेजिसने पुढचं दार उघडलं. सोलांज दारात उभी होती. आत्ता बोललं तर या दोघांसमोर त्याची मान कायमची खाली जाणार होती. न बोललं तर पहिला बोगदा फार लांब नव्हता.

"त्याने कड्याच्या घंटीची तार कापलीय," ती म्हणाली.

बाहेरच्या कुणाला त्यात काही वाटलं नसतं. नोएलच्या चेहऱ्यावरचं हसू मात्र उतरलं. गिस्लँ मागून खाली उतरला.

"घरातली गोष्ट आहे ती," रेजिस म्हणाला. "माळ्यावरचं खेळणं."

"वाजत होती का?" नोएलने सोलांजला विचारलं.

"हिवाळाभर."

"किल्ली दे, रेजिस."

"नोएल, तू मला शिकवणार?"

"दे म्हणतो ना. मागनं शिव्या घाल हवं तर."

बराच वेळ रेजिस हलला नाही, आणि तिघांनाही कळेना की तो शुद्धीवर आहे की पुन्हा हरवला. मग त्याने किल्ल्या नोएलच्या हातात ठेवल्या. तो सोलांजच्या अगदी जवळ आला. ती शिव्यांची वाट पाहत होती.

"मघाशी वर," त्याने हळूच विचारलं, "किती वेळ नव्हतो मी?"

"गाडीने बऱ्याच फेऱ्या घातल्या."

त्याने तिचा भाजलेला हात घट्ट धरला.

"मला वाटलं," तो म्हणाला, "गाडी मी आत्ताच सोडली होती."