पंधरावा सांधा

चौकशीत सुगंधा रडली नाही. "मी हात धुते, साहेब. नियमाप्रमाणे धुते," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणाली. मुलुंडच्या त्या कारखान्यात डोळ्यांत घालायच्या औषधाच्या बाटल्या ती भरायची. महिन्याभरात तीन बॅचमध्ये बुरशी निघाली होती, आणि भरायच्या खोलीत हात फक्त तिचेच होते. मॅनेजर ताम्हणेसाहेबांनी माफीनामा पुढे सरकवला. सही केली तर पॅकिंगमध्ये बदली, नाहीतर घरी. सुगंधाने सही केली.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला पद्मजा बसली होती. खोल्यांतली हवा तपासणं हे तिचं काम. गणपतीआधीची ती दुपार तिला तिथेच आठवली, आणि तरी ती गप्प राहिली.

भरायच्या खोलीत स्वच्छ हवा आणणाऱ्या नव्या डक्टची, पत्र्याच्या नळाची, चाचणी होती त्या दुपारी. चाचणी साधी असते. डक्टच्या आत दिवा सोडायचा, बाहेर अंधार करायचा. सांध्यातून उजेड दिसला तर तिथून हवा गळणार. चौदा सांधे बघून झाले होते. पंधरावा छताच्या वर, कोपऱ्यात. फिटर गुणाजी पिशवी खांद्याला लावूनच उभा होता.

"बाय, येष्टी चुकली तर घरचो गणपती कोण आणतलो? शेवटचो सांधो घट्ट भरलंय. देवाशपथ!"

गणपतीच्या तोंडावर कोकणातला माणूस देवाची खोटी शपथ घेणार नाही, असं पद्मजाला वाटलं. एम.एस्सी. झालेल्या बाईने शपथ पुरावा म्हणून धरली आणि पंधराही सांध्यांपुढे बरोबरची खूण करून सही केली.

चौकशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, कामाला कुणी यायच्या आत, तिने भरायच्या खोलीच्या दाराशी उदबत्ती धरली. आत हवेचा दाब जास्त असता तर दाराच्या फटीतून धूर बाहेर ढकलला गेला असता. तो वाकला आणि सरळ आत गेला. स्वच्छ हवा वाटेतच गळत होती. तिची भर कॉरिडॉरमधली धुळकट हवा काढत होती.

गुणाजी कामावर आल्याबरोबर तिने पंधराव्या सांध्याचं विचारलं. त्याने मान खाली घातली. "नाय भरलंय, बाय. गावाकडसून इल्यावर भरीन म्हटलंय. इलंय तर तुमची सही झालेली. मगे वाटला, बाईंनी दिवो लावन बघितल्यानी, म्हणजे ठीकच असतला."

पद्मजा तशीच ताम्हणेसाहेबांच्या खोलीकडे निघाली.

ताम्हणेसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं. "अहो, रविवारी छत उघडून भरून टाकू. ती पॅकिंगमध्ये गेलीय, पगार तोच आहे. तुम्ही कशाला मध्ये पडता? वाट लागेल तुमची."

"तिचा माफीनामा फायलीत आहे, साहेब."

"असू दे की!"

"मग हेही त्याच फायलीत लावा." पंधरावा सांधा न बघताच सही केली, असं स्वतःच्या हाताने लिहिलेला कागद पद्मजाने टेबलावर ठेवला आणि ती पॅकिंगकडे गेली.

सुगंधा खोक्यांना लेबलं लावत होती. पद्मजाने उभ्यानेच सांगितलं, दिवा, शपथ, खूण, काही न गाळता. सुगंधाने हातातलं लेबल खाली ठेवलं.

"म्हणजे माझ्या हातांत काही नव्हतं?"

"नव्हतं."

"पहिल्या बॅचमध्ये बुरशी निघाली तेव्हापासून, महिना झाला, मी घरी पीठ मळत नाही. लेकीच्या डोळ्यांत काजळ घालायचं तर सासूला सांगते. ती विचारते, तुला काय झालंय गं? काय सांगू तिला?"

"माझं चुकलं, सुगंधा."

सुगंधाने विचारलं, "चौकशीत तुम्ही समोरच बसला होतात ना, बाई? तेव्हा ठाऊक होतं तुम्हाला?"

नुसती शंका होती, असं म्हणता आलं असतं. उदबत्ती तर दुसऱ्या दिवशी लावली होती.

"ठाऊक होतं," पद्मजा म्हणाली.