सीदी अत्तूच्या दारातली निळी व्हॅन

लाल्ला बतूलच्या हातून सजली नाही ती नवरी अर्धीच नवरी, असं मेकनेस शहरात म्हणत. पहिल्यांदा ते लाल्ला बतूलच म्हणाली होती; लोकांनी नुसतं पुढे चालवलं. नवऱ्या नटवायचं काम तिच्या आईचं, आणि आईच्या आईचं. जरीचे पायघोळ कफ्तान, मोत्यांचे मुकुट, सोन्याचे कमरपट्टे आणि नवरीला बसवून खांद्यावरून मिरवायची चांदीच्या पत्र्याची पालखी, एवढा तिचा संसार. आणि हा संसार ज्या निळ्या व्हॅनमधून लग्नालग्नाला फिरायचा, तिचं दार चमच्याच्या दांड्यानेही उघडलं असतं, इतकी ती म्हातारी.

मागच्या उन्हाळ्यात शेजारच्या गल्लीतल्या ढोलवाल्यांची गाडी भर दुपारी साफ झाली. बिचारे आत कुसकुस खात होते, बाहेर ढोल गेले. तेव्हापासून लाल्ला बतूलने व्हॅनचा किल्ला केला. मागच्या दारावर आडवी लोखंडी पट्टी, पट्टीला दोन जाडजूड कुलपं. स्टिअरिंगपासून पायाच्या ब्रेकपर्यंत साखळी. सीटखाली चोरबटण, ते दाबल्याशिवाय इंजिन खोकायचंसुद्धा नाही. पेट्या तळाच्या कड्यांना बांधलेल्या. शिवाय गाडी उभी करायची ती पाठ भिंतीला चिकटवूनच, म्हणजे दार बोटभरही उघडू नये.

"बायकोपेक्षा गाडीला जास्त कुलपं," असं तिचा जावई म्फद्दल म्हणायचा. गाडी तोच चालवायचा.

"बायको कुणी चोरणार नाही, जावईबापू. माझीच मुलगी आहे, मला माहीत आहे."

तर वसंतात डोंगरातलं एक लग्न आलं. मेंढरंवाल्या घरची मुलगी, नाव तूदा. डोंगरावरचं बर्फ वितळून नदी फुगली होती. नेहमीच्या उताराच्या जागी पाणी असं चढलं होतं की व्हॅन त्यात घालणं म्हणजे ती नदीला दान देणं. नवरीचे भाऊ खेचरं घेऊन पलीकडून लाकडी साकवावरून आले. खेचरांवर मावेल तेवढंच घ्यायचं ठरलं. मुकुट घेतले, दोन कफ्तान घेतले. कमरपट्टे लाल्ला बतूलने सगळेच्या सगळे झग्याच्या आत स्वतःच्या कमरेला बांधले. ती बसली तेव्हा खेचराने मान वळवून एकदा पाहिलं.

पालखी मात्र राहिली. बाकीचे कफ्तान, तबकं, गालिचे, तिच्या आईच्या हातचे सगळे साज राहिले. ते गेले असते तर लाल्ला बतूल एक म्हातारी बाई उरली असती, बाकी काही नाही.

काठावर ओकच्या झाडाखाली सीदी अत्तू या वलीच्या कबरीवरची पांढरी घुमटी होती. दाराशी इत्तो नावाची राखणारीण लोकर विंचरत बसली होती.

"गाडी इथे ठेव, लाल्ला," ती म्हणाली. "पण कुलपं काढ."

"काय काढू?"

"कुलूप लावलंस तर राखण तुझी. उघडी ठेवलीस तर सीदीची. एका वस्तूला दोन राखणदार नकोत, भांडतात."

"तुझ्या सीदीने मेकनेस पाहिलेलं नाही, बाई."

"नाही गं. तो इथून कुठे गेलाच नाही."

पाठ टेकवायला भिंत होती ती घुमटीचीच. वलीकडे गाडीची पाठ कर, असं सांगणं लाल्ला बतूलच्याही जिभेला झेपलं नसतं. तिने गाडीचं तोंड घुमटीकडे करवलं आणि म्फद्दलला बजावलं, "पट्टी, साखळी, बटण. दोनदा ओढून पाहा." मग ती खेचरावरून पुढे गेली. म्फद्दल मागून आला.

लग्नघरी ती तूदाच्या डोक्यावर मुकुट बसवत होती. म्फद्दल पेटी ठेवायला दाराशी आला. दातांत टाचण्या धरूनच तिने विचारलं, "कुलपं नीट ओढलीस ना?"

म्फद्दलने बुटांकडे पाहिलं. "कुलपं माझ्या पिशवीत आहेत, लाल्ला. माझी आई या खोऱ्यातली. सीदीच्या दारात कुलूप लावलेलं तिला चाललं नसतं."

तोंडात टाचण्या होत्या म्हणून जावई वाचला. तिने त्या एकेक करून काढल्या, मुकुटात खोचल्या, शेवटची खोचली आणि मग हळू आवाजात म्हणाली, "तुझ्या आईला विचारून तुला जावई केला नव्हता. पण चूक माझीच, तुझ्या आईला एकदा भेटले होते तरी केला."

तूदा मुकुटाखालून हसली, आणि हसली म्हणून मुकुट हलला.

लाल्ला बतूलला तिथून उठता येईना. नवरी सजवायला घेतली की तिची वरात निघेपर्यंत सोडायची नाही. सोडली तर संसार उसवतो, असं तिच्या आईने सांगितलेलं. शिवाय पाणी आणखी चढलं आणि साकवच बुडाला. ती हसली, गायली, नवरीला तिने मिरवलं. पण जेवायला बसली की घास हातातच राहायचा. डोळ्यांसमोर निळी व्हॅन, मागची दारं सताड उघडी, आणि आत रिकामा पत्रा.

नदी उतरली तशी ती खेचराला टाचा मारतच निघाली. वळणावरून घुमटी दिसली आणि तिने लगाम ओढला.

व्हॅनभोवती बाजार मांडल्यासारखं होतं, आणि माणूस मात्र एकही नव्हता. मेंढरं घेऊन उंच कुरणांकडे गेलेल्या लोकांनी आपलं जडजूड सामान सीदीकडे सोडलं होतं. नांगर व्हॅनच्या चाकाला टेकवलेले, जवाची पोती बंपरला लागून रचलेली, मागाचा लाकडी दांडा, एक पाळणा. तिची गाडी कुणाची, हे त्यांनी विचारलं नव्हतं. सीदीच्या दारात उघडी उभी आहे म्हणजे ती सीदीचीच, आणि छप्पर असलेली, एवढंच त्यांनी पाहिलं होतं.

दारं उघडीच होती. आत तिच्या पेट्या, तबकं, कफ्तानांची मखमली गाठोडी, पालखीवरचा पांढरा कपडासुद्धा तसाच. आणि पालखीजवळ, ओलीपासून लांब, एक परकी लाकडी पेटी. झाकणाला कडी नव्हती.

लाल्ला बतूलने झाकण उचललं. आत झगा खांद्याशी अडकवायच्या चांदीच्या त्रिकोणी टाचण्या होत्या, तळहाताएवढ्या, आणि लिंबाएवढ्या मण्यांची पिवळ्या अंबराची माळ. अशी माळ तिच्याकडे नव्हती. तिच्या आईकडेही नव्हती. कुणा घराण्याच्या साऱ्या लेकीसुनांचं स्त्रीधन तिच्या उघड्या गाडीत ठेवून ते लोक मेंढरांमागे निघून गेले होते. तिने झाकण लावलं.

इत्तो खालच्या वाटेने पाठीवर गाठोडं घेऊन येताना दिसली.

"तूच राखलंस ना?" लाल्ला बतूलने विचारलं.

"मी कुठली. तुम्ही गेलात आणि लेकीला कळा लागल्याचा निरोप आला. तिच्याकडेच होते. नात झाली."

"मग इथे कोण होतं?"

इत्तोने घुमटीकडे पाहिलं आणि मग तिच्याकडे, जणू एवढ्या मोठ्या बाईने हे काय विचारावं. वारा पडला होता. ओकचं पानही हलत नव्हतं. लाल्ला बतूलला वाटलं, आपण इथे मोठ्याने श्वास घेतो आहोत.

नांगर-पोती बाजूला लावून झाल्यावर पेटी खाली काढायला म्फद्दल पुढे झाला. "तू थांब," ती म्हणाली. नदीवर जाऊन तिने हात धुतले, आणि तिला कसं पेललं कोण जाणे, पेटी स्वतः उचलून घुमटीच्या वळचणीला ठेवली. पण तिथे रात्रीचं दव पडलं असतं. ती परत गाडीत शिरली आणि आईच्या हातचं वेलबुट्टीचं मखमली आच्छादन घेऊन आली. रुमालाचंही भाडं घेणारी बाई ती. तिने ते पेटीवर पसरलं आणि चारही टोकं खाली खोचली.

"ते परत कधी न्याल?" म्फद्दलने विचारलं.

"येईन तेव्हा. तुला काय घाई? तुझ्या राखणीत आहे का ते?"

मेकनेसला पोचल्यावर तिने गाडीची पाठ भिंतीला टेकवायला लावली. पट्टी घातली, साखळी ओढली, चोरबटण बंद केलं. म्फद्दल बघत राहिला.

"काय बघतोस? तिथे सीदी अत्तू होता. इथे तुझे मित्र राहतात."

पण पेट्या लावताना आच्छादनाची जागा तिने मोकळीच ठेवली. तिथे दुसरं काही ठेवू दिलं नाही.