करडईच्या तेलात तळलेले लग्न

मी एक जुनी लोखंडी कढई आहे, आणि मित्रांनो, माझ्या काळ्या रंगाचा मला भारी अभिमान आहे. शहाद्याच्या एका लोहाराने मला ठोकून ठोकून घडवले, दोन्ही बाजूंना जाड कड्या बसवल्या आणि तापीकाठच्या एका गावात हिंमतरावांच्या घरी मी राहायला आले. रोजच्या चुलीवर मी मावत नसे. गावात कुठेही लग्न निघाले की माणसे मला न्यायला येत. माझ्यावाचून गावातले एकही लग्न पार पडत नसे, असे म्हटले तरी चालेल.

सुरुवातीला माझ्यात तिळाचे नाहीतर भुईमुगाचे तेल असायचे. मग बाजारात वनस्पती तुपाचे डबे आले. तेलच, पण कारखान्यात घट्ट करून तुपासारखे केलेले. पाहुण्यांना त्यात तळलेले वाढायचे, ही श्रीमंती ठरली. मीही चढून गेले. फक्त थंडीच्या सकाळी ते माझ्या अंगावर मेणासारखे थिजून बसे आणि हिंमतरावांच्या घरधनीण अनुसयाबाई उलथन्याने मला खरवडत बसत. त्या खरवडण्याचा मला फार राग यायचा.

१९६२ साली हिंमतरावांच्या छातीत कळ आली. त्यांना आगगाडीने सुरतेला नेले. तिथल्या डॉक्टरांनी रक्त तपासले आणि सांगितले, की यात कोलेस्टेरॉल फार वाढले आहे. हा मेणचट पदार्थ प्रत्येकाच्या रक्तात असतोच, पण वाढला की रक्तवाहिन्यांना आतून चिकटून बसतो आणि हृदयाची वाट अडवतो. वनस्पती तूप त्याला वाढवते, साजूक तूपही बेताचेच हवे. त्याऐवजी करडईचे तेल घेतले तर तो उतरतो, मात्र तेही थोडेच.

करडई! अहो, ती तर आमच्या वावराच्या बांधावर उभी असायची. तिचे काटे टोचले की गुरे पिकात शिरत नाहीत, म्हणून पेरायची. तिचे तेल घरच्या फोडणीपुरते. पाहुण्यापुढे कोणी ठेवत नसे.

घरात अनुसयाबाईंनी लगेच तेल बदलले. पण उन्हाळ्यात त्यांच्या लेकीचे, रंजनाचे, लग्न ठरले आणि त्यांचा जीव टांगणीला लागला. आमच्याकडे मुलीच्या बापाने व्याह्याच्या शेजारी पंगतीत बसावे लागते. त्याने घास घेतल्याशिवाय व्याही ताटाला हात लावत नाही, आणि पानात पडेल त्याला नाही म्हणायचे नसते. एक दिवस वनस्पती खाल्ल्याने काय होते, असे हिंमतराव म्हणत होते. अनुसयाबाईंना ठाऊक होते, की असा एक दिवस सोडला की पुढे प्रत्येक पंगत तसाच एक दिवस होणार.

वाहरू आचाऱ्याने वनस्पतीचे डबे मागितले. करडईचे तेल पाहून तो मागेच सरला. माझ्या कडीवर हात ठेवून म्हणाला, "लोके नाव ठेवतीन, बाई."

अनुसयाबाईंनी स्वतः तेल माझ्यात ओतले.

"ठेवू दे. मन्हा मालक जे खाई, तेच पाहुणा खातीन."

मित्रांनो, त्या दिवशी मी जशी तापले तशी कधी तापले नव्हते. खरे सांगते, मला धाकधूक होती. पुरी तेलकट झाली, भजी मऊ पडली, तर दोष तेलाला नाही, कढईलाच लागला असता. पण पुऱ्या टम्म फुगल्या! भजी कुरकुरीत झाली. पंगत बसली. हिंमतरावांनी पहिला घास घेतला, मग व्याही फत्तेसिंग यांनी एक भजे तोंडात टाकले आणि ते थांबले. सगळा मांडव त्यांच्याकडे बघू लागला.

"हाई कसामा तळेल शे?" त्यांनी विचारले.

हिंमतरावांनी मान वर केली. "करडईना तेलमा, याही. आम्हना बांधवरनी करडई शे."

फत्तेसिंग चावत राहिले. मग त्यांनी आणखी भज्यांसाठी ताट पुढे सरकवले. "वाढा आखो."

वाहरूच माझ्याकडे धावत आला. मी तर तेव्हा फुगलेल्या पुरीपेक्षा जास्त फुगले होते. रंजना सुखाने सासरी गेली, आणि पुढच्या पेरणीला फत्तेसिंगांच्याही बांधावर करडई उभी राहिली.

दिवाळीनंतर हिंमतराव पुन्हा सुरतेला जाऊन आले. कोलेस्टेरॉल चांगलेच उतरले होते. ते आधी ओसरीवर न बसता थेट स्वयंपाकघरात आले आणि अनुसयाबाईंना म्हणाले, "तू जितनी." बाई हसल्या आणि पदराने डोळे पुसत चुलीकडे वळल्या. जिंकण्यात माझाही वाटा होता, पण तो कोणी बोलून दाखवला नाही, म्हणून मीच सांगून टाकते.

त्यानंतर मला मागायला येणाऱ्याला अनुसयाबाई एकच अट घालत: कढई न्या, पण तिच्यात वनस्पती घालू नका. काही जण कुरकुरले, पण नेत राहिले. तुम्हीही घरी एवढे सांगा, की तेल बघून घ्यावे, बेताने घ्यावे, आणि एकदा तळणीला वापरलेले पुन्हा पुन्हा तापवू नये. आणि काम झाले की मला घासूनपुसून कोरडी ठेवा, गंज मला आवडत नाही.

परवा रंजनाच्या लेकाच्या जावळाची पंगत झाली. पिकल्या मिशांचे हिंमतराव नातवाला मांडीवर घेऊन बसले होते. त्यांनी भज्यांसाठी ताट पुढे केले, तोच आतून अनुसयाबाईंचा आवाज आला.

"एकच वाढजो."

त्यांनी एकच घेतले, अगदी चवीने खाल्ले, आणि नातवाला खांद्यावर उचलून सगळ्या मांडवातून मिरवून आणले.