बाहेरची खुर्ची

मी खुर्ची बोलतेय. सागवानी नव्हे, वेताची नव्हे, कुणाच्या आजोबांची आठवण तर मुळीच नव्हे. लाल प्लास्टिकची, दोन हातांची, पाठीला जाळी असलेली साधी खुर्ची. नंदाखालला रॉबर्टच्या अंगणात, फाटकाच्या आत, शेवग्याखाली माझी जागा.

वालीवच्या एका कारखान्यात मी जन्मले. वितळलेलं प्लास्टिक साच्यात शिरलं, थंड झालं, आणि मी बाहेर पडले. बालपण वगैरे काही नाही. जन्मल्या दिवसापासून माणसाचं ओझं पेलायला तयार. माणसांच्या मुलांना हे तिशीतही जमत नाही. सोपाऱ्याच्या बाजारातून रॉबर्टने मला आणलं ते घरी रोझरीच्या प्रार्थनेला जमणाऱ्या शेजाऱ्यांना बसायला. तेव्हा मी आतली होते, हॉलमधली.

घरात माणसं तीन. रॉबर्ट, शाळेतला निवृत्त क्लार्क. त्याची बायको मार्था. आणि अंधेरीला नोकरी करणारा मुलगा जेन्सन. मार्थाच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या तेव्हा तिच्या बहिणीने, फ्लॉसीने, आपली एक तिला दिली. पण शरीराला उपकार कळत नाहीत. बाहेरून आलेलं काही दिसलं की ते त्याच्यावर तुटून पडतं. म्हणून मार्थाला रोज गोळ्या घ्याव्या लागतात आणि तिच्या अंगातली रोगाशी लढणारी शक्ती मुद्दाम झोपवून ठेवावी लागते. त्यामुळे किडनी वाचते, पण दुसऱ्याची साधी सर्दी तिच्याकडे मुक्कामाला येते. डॉक्टरांनी हे रॉबर्टला सांगितलं, रॉबर्टने नातेवाइकांना सांगितलं, आणि नातेवाइकांनी माना हलवल्या. मान हलवणं आणि समजणं यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

मग कोरोना आला. खरं सांगते, त्या पहिल्या वर्षात मार्थाइतकी निश्चिंत बाई गावात नव्हती. सगळे दारं लावून बसले होते. लोक कोथिंबीर साबणाने धुवत होते. रॉबर्टची थोरली बहीण आल्बिना रस्त्यापलीकडे राहते. तीसुद्धा आपल्या अंगणातून हातवारे करून फोनवर बोलायची. अख्खा गाव मार्थासारखा जगत होता आणि कुणी कुणाला हसत नव्हतं.

पुढे साथ संपली. म्हणजे बाकीच्यांची. लसी झाल्या, लग्नं सुरू झाली, मास्क आधी हनुवटीवर, मग खिशात आणि शेवटी स्कूटर पुसायला गेले. मार्थानेही लस घेतली होती, पण त्या गोळ्यांमुळे ती तिच्या अंगात पुरती रुजली नाही, असं डॉक्टर म्हणाले. तिच्यासाठी साथ अजून फाटकाशीच उभी होती. म्हणून रॉबर्टने मला हॉलमधून उचलून शेवग्याखाली ठेवलं. आलेल्याने इथे बसायचं, इथेच सरबत प्यायचं, मार्थाशी खिडकीच्या गजांमधून बोलायचं. तेव्हापासून मी बाहेरची खुर्ची.

या जागेवरून मला माणसं कळू लागली. खोकला मला पाठीतून कळतो, कितीही दाबला तरी. पण नंदाखालमध्ये संसर्गाचा खोकला कुणालाच होत नाही. कुणाचा धुळीचा, कुणाचा एसीचा, कुणाचा काल खाल्लेल्या आइस्क्रीमचा. काहीजण इतके शिष्टाचारी, की मास्क लावून बसायचे आणि खोकताना तो खाली ओढायचे. एक जण म्हणाला, माझे दोन्ही डोस झालेत. जणू ते इंजेक्शन विचारपूस न करता आत घुसण्याचा परवाना होतं. आणि सल्ले तर विचारू नका. पपईचा पाला, गुळवेल, काढा. "मार्था, इम्युनिटी वाढव," असं प्रत्येक जण सांगायचा. तिची इम्युनिटी वाढली तर फ्लॉसीची किडनी हकनाक जाईल, हे मार्था पहिल्या काही जणांना समजावून सांगायची. नंतर ती फक्त "हो" म्हणायला लागली.

रॉबर्टही काही कमी नव्हता. पाहुणा उठला की माझ्यावर सॅनिटायझरचा इतका मारा करायचा की माझा लाल रंग गुलाबी झाला. एवढं झाल्यावर त्याच पाहुण्याला निरोप द्यायला फाटकापर्यंत जाऊन हात मिळवायचा. पहारा त्याला आवडायला लागला होता. घरी प्रसाद द्यायला आलेल्या फादरनाही त्याने माझ्यावर बसवलं, आणि ती गोष्ट तो महिनाभर सांगत होता. मार्थाला काय हवं, हे मात्र मार्थाला विचारल्याचं मी कधी ऐकलं नाही.

अशात जेन्सनचं लग्न ठरायला आलं. मुलगी जवळच्या गास गावची, रिचेल. कॉलेजपासूनची ओळख. तिचे वडील पीटर, मोठी वाडी, चार लोकांत शब्दाला मान. ते घर बघायला येणार आणि हॉलमधल्या आल्तारापुढे, येशूच्या तसबिरीसमोर, दोन्ही घरांनी मिळून प्रार्थना केली की बोलणी पक्की.

आल्बिना आदल्या संध्याकाळीच येऊन माझ्यावर बसली. "रॉबर्ट, मुलीच्या बापाला या लाल खुर्चीवर उन्हात बसवणार तू? गासभर होईल. पाच मिनिटांत काय होतं?"

ज्याने फादरनाही आत घेतलं नाही, त्याने बहिणीचं ऐकलं. मार्थाला म्हणाला, तू आतल्या खोलीत बस, मी दार लावून घेतो.

"घर कौलारू आहे," मार्था खिडकीतून म्हणाली. "भिंती वर उघड्याच. हवेने दारातूनच यायचं, असं तिला कुणी सांगितलंय?"

"एका दिवसाचा प्रश्न आहे," रॉबर्ट म्हणाला आणि मला उचलून घरामागे, केळीत, कपडे धुण्याच्या दगडाजवळ नेऊन ठेवलं. घरात आजारी माणूस आहे याची मी एकमेव खूण होते. तेवढी लपवली की झालं.

दुसऱ्या दिवशी पुढच्या बाजूला गाडी थांबली. हसणं, स्वागत, बशांचा आवाज. थोड्याच वेळात स्वयंपाकघराचं मागचं दार उघडलं आणि मास्क लावलेली मार्था बाहेर आली. कुणालाच न सांगता. माझ्याकडे तिने जरा वेळ पाहिलं आणि माझ्यावर बसली. इतकी माणसं पेलली, पण जिच्यासाठी मी बाहेर आले ती माझ्यावर कधी बसली नव्हती. वजन अगदीच बेताचं.

हॉलमधून एक खोकला आला. ओला, खोलवरचा. पाठोपाठ आल्बिनाचा आवाज, की आमच्या रस्त्याला फार धूळ आहे हो.

तेवढ्यात घराला वळसा घालून एक मुलगी आली आणि पलीकडच्या केळीशीच थांबली. तिने ओढणी नाकावर घट्ट धरली होती.

"आंटी, मी रिचेल. जवळ येत नाही. पप्पांना परवापासून ताप आहे. सकाळी गोळी घेऊन आलेत. आल्बिना आंटींना मी दारातच सांगितलं, तर म्हणाल्या, चांगल्या कामाच्या दिवशी असलं बोलू नये."

मार्थाने मास्क नाकावर नीट बसवला. "मी आता हे सगळ्यांसमोर बोलले, तर तुमचं लग्न मोडेल, बाय."

"मोडलं तर मोडू दे, असं मी नाही म्हणणार. मला ते हवंय." रिचेल म्हणाली. "पण माझ्या बापामुळे तुम्हाला काही झालं, तर जेन्सन माझ्याकडे कसा बघेल?"

मागच्या दारात रॉबर्ट आला. चेहरा घामाने डवरलेला. कुजबुजत म्हणाला, मुलाची आई कुठाय म्हणून विचारतायत, प्रार्थनेपुरती आत ये, मास्क असू दे, लांब उभी राहा.

"प्रार्थना इथे होईल," मार्था म्हणाली. "सगळ्यांना बाहेर बोलवा."

"अगं, आल्तार आत आहे."

"आणि मी बाहेर आहे."

रॉबर्ट आत गेला. मग एकेक जण आला. जेन्सन येऊन आईच्या मागे उभा राहिला. आल्बिना आली ती नाक फुगवून. पीटर इस्त्रीच्या शर्टात, रुमालाने कपाळ पुसत. त्यांनी बसायला जागा शोधली. जागा एकच होती, मी.

"मार्था, ऊठ," आल्बिना म्हणाली. "व्याह्यांना बसू दे."

मार्था उठली नाही. माझे दोन्ही हात तिने घट्ट धरले होते.

"पीटरभाऊ, तुम्हाला ताप आहे. घरी जाऊन झोपा. बरे झालात की इथेच बसू, मी स्वतः वाडीतल्या केळ्यांची सुकेळी वाढीन. हे लग्न मला हवंय. आणि त्या लग्नाला मला जिवंत यायचंय."

पीटर म्हणाले, उन्हाचा आहे तो. लेकीकडे त्यांनी एकदा पाहिलं, तिने मान खाली घातली नाही. मग रुमाल तोंडावर धरून ते निघाले, प्रार्थना न करता, निरोप न घेता.

दोन दिवसांत रॉबर्टला ताप भरला आणि आल्बिनालाही. आल्बिनाचा म्हणे थंड सरबताचा. रॉबर्ट वाडीतल्या पंपाच्या खोलीत राहायला गेला. तिथून फोन करून तो मार्थाला विचारायचा, आता काय करायचं, माझं ताट कुठे ठेवशील, मी कधी येऊ. इतक्या वर्षांत तो पहिल्यांदाच तिला विचारत होता. मार्था रोज सकाळी माझ्यावर बसून तोंडात थर्मामीटर धरायची आणि जेन्सन लांबून तिच्या चेहऱ्याकडे बघत उभा राहायचा. ताप आला नाही. तेवढ्यासाठी, त्या दिवशी केळीत कोण किती दुखावलं, याचा हिशेब मी सोडून दिला.

गासहून मात्र काही कळत नव्हतं. रिचेल फोन करायची, पण बाप बोलत नाही, एवढंच सांगायची. जेन्सनने जेवण कमी केलं. आल्बिना रस्त्यावरून जाताना मोठ्याने म्हणायची, खुर्चीपायी सोयरीक घालवली.

आणि एका रविवारी चर्चमधली मिस्सा संपल्यावर फाटकाशी टेम्पो थांबला. पीटर उतरले. त्यांच्यामागून टेम्पोतून उतरली त्यांच्या घरची सागवानी खुर्ची, कोरीव पाठीची. टेम्पोवरच्या दोघांनी ती उचलून केळीत आणली. पीटरनी मार्थाला लांबूनच मोबाइलवरचा तपासणीचा रिपोर्ट दाखवला, आपली खुर्ची भरपूर अंतरावर मांडून घेतली आणि तिच्यावर बसले.

"तुमच्या त्या लाल खुर्चीवर मी बसणार नाही," ते म्हणाले. "बोला, तारीख कुठली धरायची?"

मानही राहिला आणि अंतरही. माणसांना दोन्ही एकदम सांभाळता येतं, फक्त टेम्पो करावा लागतो.

लग्न झालं. मार्था चर्चच्या बाजूच्या दारात, वाऱ्याला बसली होती. फोटोवाला मास्क काढा म्हणाला, तेव्हा रिचेलनेच त्याला पुढे जायला सांगितलं. आता ती याच घरात आहे. मी केळीतच असते. सकाळी मार्था, दुपारी एखादं मांजर.

तुम्ही मार्थाला भेटायला जरूर या. माणसं आलेली तिला आवडतात, तिने कधी नको म्हटलेलं नाही. फक्त अंगात ताप असेल, घसा धरला असेल, तर फाटकावरूनच तसं सांगा आणि मागे फिरा. आजारी असण्यात कमीपणा नाही, आणि परत गेलात म्हणून सुकेळी संपणार नाहीत. माझा मागचा एक पाय आताशा चिरलाय. मार्थाचं वजन तो पेलतो. खोकला लपवून बसणाऱ्याचं पेलेल, याची मी हमी देत नाही.