तिसरी किल्ली

किल्लीवाल्याची एक खोड साऱ्या गल्लीला ठाऊक होती. कुणीही कुलूप बसवून घेतलं की तो गिऱ्हाइकाच्या हातात दोन किल्ल्या द्यायचा आणि तिसरी स्वतःकडे ठेवायचा. दुकानाच्या मागच्या भिंतीवर एक लाकडी फळी होती. तिच्यावर खिळे, आणि प्रत्येक खिळ्याला नुसत्या आकड्याचा बिल्ला लावलेली एक किल्ली. नाव नाही, पत्ता नाही. कोणता आकडा कोणाचा, ते फक्त त्याच्या डोक्यात. यात कुणाला काही वावगं वाटत नसे, कारण माणसं किल्ल्या हरवतात आणि मग स्वतःच्याच घराच्या पायरीवर बसून एकमेकांवर खेकसतात. मग कुणीतरी धावत दुकानात यायचं, "मिस्तरी, तेवढी तिसरी द्या." तो द्यायचा, वर दोन शब्द सुनवायचा. तीस वर्षांत त्या किल्ल्यांनी कुणाच्या घरात चोरी झाली नाही. इतका विश्वास लोक सख्ख्या भावावर टाकत नाहीत.

म्हणूनच नव्या सरकारने चर्चला टाळं ठोकायचं ठरवलं आणि कुलपं बदलायला नेमकं त्यालाच बोलावलं, तेव्हा चर्चच्या मंडळीतल्या लोकांना ती देवाचीच करणी वाटली.

सरकारच्या डोक्यात यातलं काही नव्हतं. साहेबाने शिपायाला सांगितलं, जवळचा कुणी किल्लीवाला घेऊन ये, आणि शिपाई जवळच्या दुकानात शिरला. हा माणूस दर रविवारी त्याच चर्चमध्ये तिसऱ्या बाकावर बसतो, हे शिपायाला कुठून कळणार? किल्लीवाल्याला नाही म्हणता आलं असतं. हात दुखावलाय, माल संपलाय, शंभर सबबी होत्या. पण नाही म्हटलं की 'का' आलं, आणि त्या 'का'ला तो घाबरला. "आलो," म्हणाला आणि पेटी उचलून मुकाट्याने मागोमाग गेला.

चर्चच्या पाळकांना आठवड्यापूर्वीच चौकशीला नेलं होतं, ते अजून परतले नव्हते. पाळकांच्या पत्नी, ज्यांना सगळे काकू म्हणत, दारात उभ्या होत्या. साहेबाने त्यांना सांगितलं, घरचं काही सामान असेल तर घेऊन जा, दहा मिनिटं देतो. काकू मागच्या खोलीत गेल्या. तिथे एक कपाट होतं. त्यात गाण्यांची पुस्तकं, प्रभुभोजनाचा प्याला, आणि सभासदांची वही. बाप्तिस्मा कुणाचा कधी झाला, कोण कुठे राहतो, कुटुंबात माणसं किती, सगळं त्या वहीत. आणि हे दिवस असे की अशा वहीत नाव सापडलं की दुकानाचा परवाना जायचा, नोकरी असली तर नोकरी जायची.

काकूंनी नवऱ्याचा कोट घेतला, वाचायचा चष्मा घेतला. वही तशीच कपाटाच्या फळीवर होती. कोटाच्या घडीत घातली असती तर कदाचित निघालीही असती, साहेब बाहेर पावतीपुस्तकात डोकं घालून बसला होता. पण त्याच वेळी मागच्या दारापाशी गुडघे टेकून स्क्रू पिळणारा किल्लीवाला त्यांना दिसला. दोघांची नजरानजर झाली. त्याने मान खाली घातली. काकूंनी त्याचा अर्थ लावला तो असा, की काळजी करू नका, मी आहे. त्यांनी कपाट लावून घेतलं आणि नुसता कोट आणि चष्मा घेऊन बाहेर पडल्या.

"चांगलं मजबूत बसवा हं, मिस्तरी," साहेब म्हणाला.

घाबरलेल्या माणसाच्या हातून काम बिघडतं म्हणतात. याच्या हातून उभ्या आयुष्यातलं सगळ्यात चोख काम झालं. सोनाराच्या दुकानासाठी आणून ठेवलेलं सात लीव्हरचं कुलूप त्याने मागच्या दाराला बसवलं, वर पोलादी पट्टी मारली, चौकटीत एक सुई जाईल एवढीही फट ठेवली नाही. साहेबाने दार हलवून पाहिलं आणि वा म्हणाला. आणि सांगायला लाज वाटते, पण किल्लीवाल्याला ती 'वा' बरी वाटली.

जोडकिल्ली करायला तो दुकानात परतला, तेव्हा बरोबर कुणी नव्हतं. एक किल्ली कापून झाली. सवयीने हाताने आणखी एक कोरी किल्ली उचलून वाइसमध्ये पकडली. कानस दोनदा फिरलीही. मग त्याला साहेबाचा तो कागद आठवला, ज्यावर किल्ल्या देताना त्याला सही करायची होती: या दोन किल्ल्यांखेरीज तिसरी किल्ली अस्तित्वात नाही. त्याने वाइस सैल केला आणि ती अर्धवट किल्ली भंगाराच्या डब्यात टाकली. कुणी बघत नव्हतं, कुणी धमकावलं नव्हतं, त्याच्या भिंतीवरच्या आकड्यांचा हिशेब कुणाला लागलाही नसता. तरीही टाकली.

पुढचे तीन आठवडे मंडळी घराघरांतून जमू लागली. या रविवारी शिंप्याकडे, पुढच्या रविवारी आणखी कुणाकडे. खिडक्यांना चादरी लावायच्या आणि गाणी म्हणायची ती आवाज न काढता. नुसते ओठ हलवायचे. वीस माणसं एका खोलीत तोंडं हलवताहेत आणि ऐकू काय येतं, तर शेजारच्या नळाची धार. एरवी बेसूर गाणाऱ्या शिंप्याला तेवढीच एक सोय झाली, असं त्याची बायको म्हणायची.

त्या बैठकांत किल्लीवाल्याला आता पुढची खुर्ची मिळू लागली. उघड कुणी काही बोलत नव्हतं, जिभेला हाड नसतं हे सगळ्यांना कळत होतं. पण नजरा बोलत होत्या. मंडळीतल्या एका म्हाताऱ्याने प्रार्थनेत सांगितलं, "प्रभू, बंद दारापाशीसुद्धा तू तुझा एक माणूस ठेवलास, त्याबद्दल तुझे आभार." सगळे आमेन म्हणाले. किल्लीवालाही म्हणाला. आपल्याच खोटेपणावर आपणच आमेन म्हणून तो घरी आला आणि त्याला जेवण गेलं नाही.

सांगून टाकावं असं रोज वाटायचं. पण बायको तीस वर्षांत पहिल्यांदा त्याच्याकडे अशी बघत होती, की जणू हा माणूस तिला नव्यानेच भेटलाय. भाजीत मीठ कमी पडलं तर चक्क माफी मागत होती. झाकली मूठ सव्वा लाखाची, ती उघडायचा धीर कुणाला होतो? प्रार्थनेला बसला की 'हे प्रभू' एवढं म्हणून व्हायचं आणि पुढे ती वाइसमधली किल्ली उभी राहायची. विश्वास सुटला असता तर बरं झालं असतं, असंही एकदा त्याच्या मनात आलं. पण तो सुटला नव्हता, तेच तर दुखणं होतं. विश्वास नसलेल्या माणसाला कसली लाज?

चौथ्या शनिवारी भर दुपारी काकू दुकानात आल्या. गिऱ्हाईक जाईपर्यंत कुलपं बघत उभ्या राहिल्या, मग गल्ल्यापाशी आल्या.

"भाऊ, सोमवारी कपाट उघडणार आहेत. चौकीतल्या एकाने कळवलं," त्या हळूच म्हणाल्या. "पहारा पुढच्या दारावर असतो, मागे कुणी नसतं. मी उद्या जाऊन वही काढते. ती तिसरी द्या तेवढी."

किल्लीवाल्याने हातातलं फडकं घडी करून ठेवलं. परत उलगडलं.

"नाही, काकू."

"तुम्ही नका येऊ. तुमचं नाव मी कुठे घेणार नाही."

"तसं नाही. किल्लीच नाही. मी केलीच नाही."

काकूंनी भिंतीवरच्या फळीकडे पाहिलं. शंभर-सव्वाशे किल्ल्या तिथे लटकत होत्या. गावातल्या प्रत्येक ऐऱ्यागैऱ्याच्या दाराची किल्ली होती.

"घेऊन गेले का ती?"

इथे एक 'हो' म्हटलं असतं तर सुटला असता. तो शब्द त्याच्या ओठांपर्यंत आला होता. "नाही," तो म्हणाला. "कुणी मागितली पण नाही. मी घाबरलो."

काकू रागावल्या असत्या तर त्याला सोसलं असतं. त्यांनी शांतपणे विचारलं, "मी त्या दिवशी वही काढत होते. तुम्हाला बघितलं म्हणून ठेवली. कळलं होतं का तुम्हाला?"

"कळलं होतं."

"आता दुसऱ्या कशाने उघडेल?"

"ड्रिल लावावं लागेल. अर्धा तास तरी. सगळ्या बोळाला आवाज जाईल. मी येतो, काकू. मीच बसवलंय, मीच फोडतो."

"नको," काकू म्हणाल्या. "जाग्यावर पकडतील. घरात बायको आहे तुमच्या. वही जायची ती जाईल."

नको म्हटल्याबरोबर त्याचा जीव भांड्यात पडला. त्याला स्वतःलाच ते जाणवलं, खांदे खाली आलेले, श्वास मोकळा झालेला. आणि काकूंनीही ते पाहिलं. त्यांनी पदर सारखा केला, येते म्हणाल्या आणि गेल्या. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी त्याने बायकोला सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "आणि मी बायकांत मान वर करून बसत होते." त्यानंतर दोन दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. भाजीत मीठ कमी पडलं तरी आता माफी येत नव्हती.

सोमवारी कपाट उघडलं. गुरुवारी घरटी एका माणसाला चौकशी कार्यालयात बोलावणं होतं. सकाळी उठून बघतो तो बायकोने त्याचा रविवारचा सदरा इस्त्री करून खुर्चीवर ठेवला होता.

कार्यालयाच्या लांब खोलीत भिंतीलगत बाक होते, त्यांवर मंडळी दाटीवाटीने बसली होती. तिसरी किल्ली नव्हतीच, ही बातमी सगळ्यांना कळलेली असणार. शिंप्याने त्याला पाहिलं आणि नखं निरखायला सुरुवात केली. म्हाताऱ्याने डोळे मिटून घेतले. किल्लीवाला दारापाशीच उभा राहिला.

नाव पुकारलं तसा तो टेबलापुढे गेला. साहेबाने मान वर केली आणि ओळखीचं हसला.

"अरे, मिस्तरी, तुम्ही? तुम्ही कसे काय या भानगडीत?" त्याने यादीवरून बोट फिरवलं. "हे बघा, आहे खरं नाव. लहानपणी आईबापाने घातलं असेल, होतं असं." मग शेजारच्या कारकुनाला सांगितलं, अख्ख्या खोलीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात, "यांनीच आपली कुलपं बसवली. काय काम आहे माणसाचं. आपला माणूस आहे." त्याने पेनाचं टोपण काढलं. "काढून टाकतो. जा तुम्ही, दुकान उघडा."

किल्लीवाल्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या. दुकान डोळ्यांसमोर आलं, वाइस, कानशी, बापाच्या वेळचा गल्ला. दार उघडंच होतं, चार पावलांवर. पेन कागदाला टेकलं.

"राहू द्या, साहेब," तो म्हणाला.

"काय राहू द्या?"

"नाव राहू द्या." आवाज इतका बारीक निघाला की कारकुनाने मान पुढे केली. त्याला पुन्हा सांगावं लागलं. "कुलूप मीच लावलं. आणि नावही माझंच आहे. आईबापाने घातलं ते खरं, पण मी ते काढलेलं नाही."

साहेबाने त्याच्याकडे पाहिलं, मग यादीकडे. "परवाना जाईल. कळतंय ना?"

"हो."

"अजब आहात," साहेब म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आपणच फसल्यासारखं काहीतरी होतं. त्याने टोपण लावलं, नावापुढे बरोबरची खूण केली आणि बाकांकडे हात केला. "बसा तिकडे. शिक्के मारायला वेळ लागेल."

तो वळला. एवढं करूनही त्याला हलकं वाटलं नाही. एका माणसाचं नाव राहिलं म्हणून शंभर माणसांची नावं परत वहीत बंद होणार नव्हती. शिंपी जागचा हलला नाही. म्हाताऱ्याचे डोळे मिटलेलेच होते. बाकाच्या टोकाला बसलेल्या काकूंनी शेजारी ठेवलेली पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि जरा आत सरकल्या. तेवढी एक जागा झाली. तिथवर जायला आणि तिच्यात बसायला त्याला साहेबापुढे बोलण्याहून जास्त धीर गोळा करावा लागला.