व्हर्नचे दोन तास

मित्रांनो, मी एक जुनं हिशेबाचं यंत्र आहे. बटण दाबलं की माझ्या पोटात घरघर होते आणि तोंडातून कागदाची पट्टी बाहेर येते. मिळवलेलं काळ्या शाईत, वजा केलेलं लाल. माझ्या तरुणपणी याचं फार कौतुक होतं. आता लाल शाई सुकून गेली आहे, त्यामुळे वजा केलेलं काही माझ्या पट्टीवर उमटतच नाही. म्हातारपणी एवढी सवलत मिळाली तर घ्यावी.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला, पण ते काही आठवत नाही. आठवतं ते टोइव्हो रौटिओंचं टेबल. अमेरिकेतल्या डुलुथ गावात, सरोवराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर त्यांचा वीटकामाचा धंदा होता. वर घर, खाली ऑफिस. वीट कापायच्या करवतीनं टोइव्होंच्या उजव्या तर्जनीचं पेर नेलं होतं. म्हणून ते आकडे मधल्या बोटानं दाबत आणि बेरजेचं बटण मुठीनं. पस्तीस वर्षं मी ती मूठ खाल्ली. आज मला काही हवं असेल, तर तीच.

आमची कामं म्हणजे शाळा, अग्निशमन केंद्रं, वाचनालयं. सरकारी पैशाच्या अशा कामावर मजुरी मालक ठरवत नाही. टेंडरच्या कागदांतच पत्रक येतं: गवंड्याला तासाला इतके डॉलर, बिगाऱ्याला इतके. त्यातले इतके हातात, इतके विमा आणि पेन्शनपोटी. एक सेंटही कमी देता येत नाही, आणि आपण नीट दिले म्हणून दर आठवड्याला शपथेवर सही करावी लागते.

टोइव्हो म्हणायचे, "दर ते देतात. तास आपण शोधायचे."

दर सगळ्याच ठेकेदारांना सारखा. म्हणजे टेंडर जिंकायचं ते तासांवर, आणि तास कळायला माणसं ठाऊक हवीत. कोणाची बोटं थंडीत आखडतात, कोण कोपऱ्याच्या विटेशी तासभर भांडतो, कोण सोमवारी कामापेक्षा मासेमारीबद्दल जास्त बोलतो, हे सगळं त्या मुठीतून माझ्यापर्यंत यायचं.

आणि व्हर्न. व्हर्न लापॉइंट हा आमचा बिगारी. विटा वाहायच्या, मालाची घमेली वर द्यायची, हे त्याचं काम. पण दुपार कलली की तो खिशातून थापी काढायचा आणि विटांमधल्या दरजा भरायला घ्यायचा. त्याला कोणी शिकवलं नव्हतं. तीस वर्षं घमेली देता देता तो बघत आला होता. कायदा असा, की माणसाला काय म्हणतात ते विचारायचं नाही, त्याचे हात काय करतात ते बघायचं. हातात थापी आली की तेवढे तास तो गवंडी, आणि दर गवंड्याचा. म्हणून टोइव्हो प्रत्येक टेंडरमध्ये त्याची एक ओळ वेगळी छापायचे आणि शेजारी पेन्सिलीनं लिहायचे, 'व्हर्न, २'.

मग एका सकाळी पक्षाघातानं टोइव्होंचा उजवा हात गेला. बोलणंही निम्मं गेलं. त्यांची मुलगी मार्लिस खाली येऊन बसू लागली. तिनं संगणक आणला आणि मला कपाटात ठेवलं, नाताळच्या दिव्यांच्या खोक्याशेजारी. अंधाराचं मला काही वाटलं नाही. पण बाहेर कोणी टेबलावर नुसती मूठ टेकली, तरी माझं पोट घरघरायला बघायचं.

तीन वर्षं मार्लिसनं लोकांच्या घरांची धुराडी दुरुस्त केली. मग शाळेच्या व्यायामशाळेच्या भिंतींचं टेंडर निघालं. चाळीस दिवसांचं काम. ते मिळालं असतं तर आमचे दोन्ही गवंडी हिवाळाभर गावात राहिले असते. नाही तर त्यातला वॉरन दक्षिणेला कामाला जाणार होता. त्यानं तसं सांगूनच ठेवलं होतं.

मार्लिसनं आकडे काढले आणि वडिलांना वाचून दाखवले. टोइव्होंनी नकारार्थी मान हलवली आणि डाव्या हातानं कपाटाकडे बोट केलं.

"यंत्र पाहिजे का, बाबा? करमत नाही का त्याच्याशिवाय?"

तिनं मला बाहेर काढलं, पुसलं, त्यांच्यापुढे ठेवलं. ते बोट करतच राहिले. मग तिनं जुन्या टेंडरांची फाइलही आणली. त्यांनी डाव्या हातानं ती उघडली आणि अग्निशमन केंद्राच्या पट्टीवर 'व्हर्न, २' लिहिलेल्या ओळीखाली नख ओढलं.

मार्लिस वाचत राहिली. धुराड्यांच्या कामाला असा कायदा नसतो. ही ओळ तिला ठाऊकच नव्हती.

व्हर्न तेव्हा कॉफी घ्यायला आला होता. तिनं विचारलं, "व्हर्नकाका, तुम्ही अजून दरजा भरता?"

"संध्याकाळी दोन तास. का, वाकड्या झाल्या का कुठं?"

"वाकड्या नाही, महाग झाल्या. तेवढ्या तासांना मला तुम्हाला गवंडी धरावं लागेल."

व्हर्ननं कप खाली ठेवला. "किती वाढतात?"

तिनं माझी बटणं दाबली. रोज दोन तास, चाळीस दिवस, तासाला पंधरा डॉलर फरक. बाराशे.

"मग नको धरू, पोरी. बिगारीच लाव मला. कोण बघायला येतंय?"

"मी बघते ना. सही माझी असते."

"वॉरनच्या घरी दोन लेकरं आहेत. माझ्या घरी एक मांजर, तेही शेजाऱ्यांचं."

"काका, कॉफी घ्या."

टोइव्हो हसले. अर्धंच तोंड हसलं, पण ते मला ओळखीचं होतं.

मार्लिसनं पट्टीवर शेजारी पेन्सिलीनं लिहिलं, 'गवंडी, ८० तास', आणि ओळ टेंडरमध्ये गेली. शुक्रवारी दुपारी शाळेत पाकिटं फोडली. मार्लिस परत आली आणि कोट न काढताच बसली.

"दुसरे आलो. नऊशे चाळीस डॉलरनं."

बाराशेची ओळ मीच छापली होती, आणि वजाबाकी मला येते. पुढच्या आठवड्यात वॉरननं गाडीत सामान भरलं. निरोप घेताना तो व्हर्नला म्हणाला, "तुझी थापी जपून वापर रे, फार महाग आहे ती." दोघंही हसले. मग वॉरननं त्याचा हात जरा जास्तच वेळ धरून ठेवला.

गाडी गेल्यावर व्हर्न आत आला. टोइव्हो खुर्चीत बसले होते. व्हर्ननं टेबलावरची पट्टी उचलली, आपली ओळ शोधली, चष्मा चढवून वाचली.

"गवंडी, ऐंशी तास," तो म्हणाला. "एवढं लांबलचक मी स्वतःला कधी बघितलं नव्हतं." त्यानं पट्टीचा तेवढा तुकडा हळूच फाडून घेतला, घडी घातली, शर्टाच्या खिशात ठेवला. दारापर्यंत जाऊन तो वळला. "पोरी, पुढच्या टेंडरला दीड तास धर. मी हात जरा लवकर चालवीन."

टोइव्होंच्या तोंडून स्वच्छ शब्द आले. कित्येक महिन्यांनी. "तास आपण."

मार्लिसनं नव्या टेंडरची पत्रकं पुढं ओढली. तिची सगळी बोटं शाबूत आहेत. तरी दीड लिहून झाल्यावर बेरजेचं बटण तिनं मुठीनं दाबलं. तिची मूठ लहान आहे. तिची सवय व्हायला मला वेळ लागेल.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा, असं शेवटी म्हणायची रीत आहे. मला थोडी धूळ चालते. पण कोणाच्या कामाचे तास मोजायची वेळ आली, तर कागद नंतर बघा, आधी त्याचे हात बघा. आणि जमलं तर माझी शाईची रिबीन तेवढी बदला. लाल नसली तरी चालेल.