कपातला चहा, ग्लासातला चहा

काशिराम मिस्त्री प्लग न काढता गाडीचं पोट सांगतात, अशी पळस्पे फाट्यापासून उरणपर्यंत ख्याती होती. ख्याती खरीच. कान मात्र दोन वर्षं त्यांच्या बायकोचे, म्हणजे माझे होते.

तीस वर्षं फुटक्या सायलेन्सरांपाशी बसल्यावर माणसाला बायकोचा आवाज ऐकू येत नाही, यात नवल नाही. बाकीच्या नवऱ्यांना तेवढीही सबब लागत नाही. पण यांना इंजिनाचाही येईनासा झाला. आयडलिंग, म्हणजे उभ्या गाडीची चाल, ते टाकीवर तळहात ठेवून लावायचे, तिथे कधी चूक नाही. वरच्या स्पीडचं मात्र हाताला कळत नाही. म्हणून आमचं ठरलं होतं. दुकानामागच्या स्वयंपाकघरातून मी ऐकायचं आणि चहा आणायचा. आवाज ठीक असेल तर यांचा चहा कपात, इंजिनाला पेट्रोल कमी पडत असेल तर ग्लासात. कार्बोरेटर, त्यातला पेट्रोल सोडणारा बारीक भोकाचा जेट, हे सगळं मी फोडण्या देता देताच शिकले.

चौऱ्याण्णवच्या मार्चमधे अविनाश आला. न्हावा शेव्याला कंटेनरांच्या नोंदी करायचा. टू-स्ट्रोक गाडीला त्यानं सायलेन्सरच्या जागी मुंबईहून आणलेला जाडा पाइप बसवला होता, फिल्टरचा डबा काढून उघडी जाळी लावली होती. मागे बायको कीर्ती, मांडीवर पिशवी.

"वहिनी, चारला महाडला मेव्हण्याची हळद आहे. उशीर झाला तर सासरे पाट्यावर मलाच वाटतील."

यांनी स्क्रू फिरवला, टाकीवर हात ठेवला, मान हलवली. अविनाश शिरढोणपर्यंत चक्कर मारायला गेला.

मी चहाचं आधण सोडून खिडकीशी. गाडी परत येताना ऐकू आली. आवाज कोरडा. आत कुणी बांगड्या हलवतंय अशी किणकिण, आणि रेस सोडली तरी इंजिन खाली उतरायला तयार नाही. नव्या पाइपामुळे नि जाळीमुळे हवा भरपूर, जेट मात्र जुना, बारीक. असं इंजिन पळतं झकास. मग कर्नाळ्याच्या खिंडीत तापून पिस्टन जाम झाला की मागचं चाक जागच्या जागी थांबतं. मागून येणारा बंदराचा ट्रेलर थांबत नाही.

यांचा चहा ग्लासात ओतला, त्या दोघांचा कपात. दारातच कीर्तीनं ट्रे घेतला.

"काकू, द्या इकडे. आणि हे काय, मिस्त्रीकाकांना ग्लासात?" म्हणत तिनं यांच्यापुढे कप ठेवला आणि ग्लास स्वतः घेतला. वळणाची मुलगी!

यांनी कप पाहिला. टाकीवर थाप मारली. "ओके. सुटा."

मी खोकले. ट्रे आपटला. हे चहा फुंकत बसलेले. अविनाशनं किक मारली, कीर्तीनं अर्धा ग्लास स्टुलावर ठेवून पिशवी उचलली. बोलावं तर दोन वर्षांचं झाकलेलं चव्हाट्यावर. बहिऱ्या मिस्त्रीकडे गाडी कोण आणणार? आणि न बोलावं तर... माझे हात पदराशीच चाळा करत होते. मग त्यातल्याच एका हातानं पुढे होऊन चावी काढली.

"वहिनी, काय हे?"

"जेट बारीक आहे. जायचं नाही."

अविनाश हसला. "मिस्त्री ओके म्हणालेत ना!"

यांनी माझे ओठ पाहिले होते. चेहरा लाल झाला. "तिला काय कळतंय?" एवढ्या वर्षांत चारचौघांत पहिल्यांदा.

लागलं मला. पण मी त्यांच्या समोर जाऊन उभी राहिले, आणि सावकाश, ओठ नीट उघडून म्हटलं, "मग प्लग काढा."

गिऱ्हाइकासमोर प्लग काढून बघणं म्हणजे यांच्यासाठी भर बाजारात धोतर सोडणं. यांनी कप खाली ठेवला. मग पाना घेतला. गरम प्लग फडक्यात धरून उजेडाकडे केला. तो चॉकलेटी हवा. हा पेट्रोलविना तापून चुन्यासारखा पांढरा झाला होता.

यांनी ड्रॉवर उघडून मोठा जेट शोधला, कार्बोरेटर खोलला. स्क्रू दोनदा खाली पडला, दोन्ही वेळा कीर्तीनं उचलून दिला.

गाडी पुन्हा सुरू झाली. हे टाकीवर हात ठेवायला गेले आणि मधेच थांबले. माझ्याकडे वळून, बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात विचारलं, "कसा येतोय गं?"

शेजारच्या टपरीवरचे ड्रायव्हर वळून बघायला लागले. दोन वर्षं जपलेलं यांनीच ओरडून सांगितलं.

"इथं बरा येतोय," मी म्हटलं. "रस्त्यावरचं रस्त्यावर कळेल."

त्यांना सगळं कळलं नसावं. पण त्यांनी अविनाशच्या खांद्यावर हात ठेवला. "हिला मागे बसव. शिरढोणपर्यंत फुल्ल सोड. ही हो म्हणाली तरच महाड."

"आणि हळद?" कीर्तीनं घड्याळ पाहिलं.

"तुझे वडील याला वाटतील," मी म्हटलं, "पण धडधाकट वाटतील."

पदर खोचला. आयुष्यात दुसऱ्या कुणाच्या मागे बसले नव्हते. बसले, कान इंजिनाकडे लावला आणि अविनाशच्या पाठीवर थाप मारली.

"सोड."